कुत्र्याच्या वाडग्यातलं गुणोत्तर

मंडळी, या वेळची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

आमचं गाव जत तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या अगदी पूर्वेला. मेंढरांचा मुलूख. मेंढरांमागे पळणारे उंच, सडपातळ, लांब तोंडाचे कारवानी कुत्रे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. पलीकडे कर्नाटकात मुधोळला घोरपड्यांचं संस्थान होतं, त्यावरून याच धाटणीच्या कुत्र्यांना मुधोळ हाऊंड हे नाव मिळालं. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावरही हा कुत्रा आला. तर माझ्या धाकट्या भावाने असंच एक कारवानीचं पिल्लू आणलं आणि मला फोन केला, "आक्का, तू सायन्सवाली. याला काय घालू?"

आई मागून म्हणत होती, "दूध-भाकरी घाल की." मी तिला गप्प केलं. म्हटलं, कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊबंद, त्याला कसली भाकरी? कच्चं चिकन घाल. बोनलेस घाल, हाड घशात अडकायला नको. एमएस्सी झालेल्या बहिणीचा शब्द, भावाने तंतोतंत पाळला.

दोन महिन्यांत पिल्लाचे पुढचे पाय वाकले. उचललं की ओरडायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडांची सावली इतकी फिकट, की मांस कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं ते कळेना. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "हाडं देत होता का?" भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "आक्का, तूच सांगितलं होतंस."

त्या रात्रीपासून मी या विषयाचा इतिहास वाचायला लागले. माझ्या पीएचडीशी त्याचा थेट संबंध नाही. पण वाचताना लक्षात आलं, की माझी चूक नवीन नव्हती. पोषणशास्त्राने ती दोनशे वर्षांत अनेकदा केली आहे, आणि बहुतेक वेळा ती सुधारली गेली ती कुत्र्याच्या वाडग्यासमोर बसूनच. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा प्रपोजल लिहायला बसला असाल, तर ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

माहुलीची समाधी

साताऱ्याजवळ, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तिथे छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. लोक त्याला खंड्या म्हणतात. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला अशी कथा आहे. साताऱ्याचा पहिला ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची हकीकत दिली आहे: त्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली, पालखीचा मान मिळाला, एकदा तर भर दरबारात त्याला जरीचा पोशाख आणि महाराजांची पगडी चढवली गेली.

आता संशोधक म्हणून या हकीकतीकडे बघा. सनद आहे, पालखी आहे, जरी आहे. त्या कुत्र्यापुढे रोज काय ठेवलं जायचं, त्याबद्दल त्या परिच्छेदात एक शब्द नाही. लिहिणाऱ्याला जे नवल वाटतं ते लिहिलं जातं. रोजचं जेवण कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे आईची दूध-भाकरी मला "पुरावा नसलेली सवय" वाटली आणि इंटरनेटवरचा रंगीत तक्ता "विज्ञान" वाटला. दोन्ही तपासले मात्र नव्हते.

साखर खाणारा कुत्रा, मांस खाणारे छावे

१८१६ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा माजांदी याने एका कुत्र्याला फक्त साखर आणि शुद्ध पाणी दिलं. साखर हा चांगला पदार्थ, ताकद देणारा. कुत्रा पहिले काही दिवस मजेत होता. मग वाळत गेला, डोळ्यांत व्रण झाले आणि महिन्याभरात मेला. माजांदीचा प्रश्न साधा होता: नायट्रोजन नसलेल्या अन्नावर प्राणी जगतो का? उत्तर मिळालं, नाही. (असा प्रयोग आज कुणालाही मनात आला म्हणून करता येत नाही. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.)

यावरून कुणी म्हणेल, "मग मांसच द्या, त्यात सगळं आहे." हाही प्रयोग होऊन गेलाय, फक्त कुणी ठरवून केला नव्हता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नव्हते. त्यांचे पाय वाकायचे, हाडं मऊ पडायची. त्यांना मिळायचं ते घोड्याचं चरबी नसलेलं मांस. जॉन ब्लँड-सटन या सर्जनने १८८९ च्या सुमारास त्यांच्या आहारात कुटलेली हाडं, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल घालायला लावलं. काही महिन्यांत छावे सुधारले.

हे वाचताना मी पुस्तक मिटवून ठेवलं होतं. जतमधल्या पिल्लाचं जे झालं तेच शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी लंडनमध्ये झालं होतं, आणि उपायही लिहून ठेवलेला होता. जंगलातला लांडगा किंवा सिंह नुसतं "मांस" खात नाही. तो प्राणी खातो. हाड, यकृत, आतडी, चरबी, रक्त, सगळं. बोनलेस चिकन ही दुकानात तयार झालेली गोष्ट आहे, निसर्गात ती नाही.

लंडनची लापशी

उलट बाजूही बघू. पहिल्या महायुद्धानंतर लगेचच, १९१९ च्या आसपास, एडवर्ड मेलनबी यांनी लंडनमध्ये कुत्र्याच्या पिल्लांना घरात ठेवून ओटच्या लापशीसारख्या धान्यावर वाढवलं. पिल्लांना मुडदूस झाला. कॉडच्या यकृताचं तेल दिलं की तो टळायचा. पुढे ज्याला आपण ड जीवनसत्त्व म्हणतो त्याच्या शोधाची ही एक मोठी पायरी.

पण मेलनबींना आणखी एक गोष्ट दिसली. धान्य जास्त केलं की मुडदूस वाढायचा, आणि सगळ्या धान्यांत ओट जास्त त्रास द्यायचा. धान्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं, हे पुढे स्पष्ट झालं. म्हणजे वाडग्यात कॅल्शियम "आहे" एवढ्याने भागत नाही. शेजारी काय आहे, त्यावर ते अंगाला लागणार की नाही हे ठरतं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे धान्य वाईटच ना? थांबा. २०१३ साली स्वीडनमधल्या अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये एक अभ्यास छापला. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात साधारण दोनच प्रती सापडतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. माणसाच्या उंबऱ्यावर राहता राहता कुत्र्याचं पोट भाकरी पचवायला शिकलं. "कुत्रा म्हणजे लांडगाच" हे माझं वाक्य इथेच पडलं.

काळी जीभ

आता आपल्या दख्खनकडे येण्याआधी अमेरिकेतून एक वळसा घ्यावा लागेल, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग पसरला होता. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, वेड आणि शेवटी मृत्यू. बहुतेकांना तो संसर्ग वाटत होता. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो आहाराचा रोग आहे हे दाखवलं. मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यावर जगणाऱ्यांना तो व्हायचा, दूध, अंडी, मांस मिळणाऱ्यांना नाही.

पण नेमकं काय कमी पडतंय? कुत्र्यांमध्ये "काळी जीभ" नावाचा तसाच एक रोग होता. गोल्डबर्गर यांच्या गटाने १९२० च्या दशकात कुत्र्यांना पेलाग्रावाल्यांचा आहार द्यायला घेतला. कुत्रे तो खाईनात. मग भूक लागावी म्हणून त्यात थोडं यीस्ट मिसळलं. कुत्रे खायला लागले, पण आजारीच पडेनात! प्रयोग "बिघडला" होता. खरं तर उत्तर त्या चिमूटभर यीस्टमध्येच होतं. गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनराड एल्व्हेहेम यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन, दिलं की कुत्र्याची काळी जीभ बरी होते. लवकरच माणसांचा पेलाग्राही त्यानेच बरा झाला.

प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. नायसिन कमी, म्हणून रोग.

हैदराबादची ज्वारी

कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तिथे सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसत होती. दख्खनच्या पठारावर मका फारसा न खाणाऱ्या लोकांना पेलाग्रा होत होता. ते ज्वारी खात होते.

आता तक्ता काढा. "न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स" हे गोपालन यांचंच पुस्तक प्रत्येक पोषणवाल्याच्या टेबलावर असतं. १०० ग्रॅम ज्वारीत नायसिन ३.१ मिलिग्रॅम. सडलेल्या कच्च्या तांदळात १.९. म्हणजे तक्त्याप्रमाणे भात खाणाऱ्याला आधी पेलाग्रा व्हायला हवा. व्हायचा मात्र ज्वारीवाल्याला.

गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लॅन्सेटमध्ये एक वेगळं उत्तर मांडलं: ज्वारीत काहीतरी कमी आहे असं नाही, काहीतरी जास्त आहे. ल्युसिन हे अमिनो आम्ल ज्वारीच्या प्रथिनात भरपूर असतं, आणि ते शरीरातल्या नायसिनच्या कारभारात अडथळा आणत असावं. मग वाडगा पुन्हा कुत्र्यापुढे आला. १९६५ मध्ये बेलवडी आणि गोपालन यांनी दाखवलं, की ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते. १९६७ मध्ये पिल्लांच्या आहारात ल्युसिन वाढवूनही तोच परिणाम त्यांना मिळाला. १९७१ मध्ये कृष्णस्वामी आणि गोपालन यांनी पेलाग्राच्या रुग्णांवर आयसोल्युसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा चांगला परिणाम नोंदवला. म्हणजे प्रश्न एका घटकाचा राहिला नाही, दोन घटकांच्या तोलाचा झाला.

गोष्ट इथे संपली असती तर ती छान दिसली असती. पण १९७८ मध्ये मॅन्सन आणि कार्पेंटर यांनी कुत्र्यांना भरपूर ल्युसिन देऊन पाहिलं, आणि त्यांना तसा परिणाम दिसला नाही. पुढे ब-६ जीवनसत्त्वाची भूमिकाही चर्चेत आली. ज्वारी खाणाऱ्यांना पेलाग्रा होत होता हे निरीक्षण खरंच राहिलं. त्याचं कारण एकट्या ल्युसिनमध्ये आहे की आजूबाजूच्या आहारातही, यावर वाद राहिला.

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण बहुतेक वेळा १९६५ चा पेपर उचलतो आणि पुढे जातो. १९७८ चाही उचला. दोन प्रयोगांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा लगेच "कोण खोटं?" असं विचारू नका. आधी विचारा, वाडग्यात आणखी काय होतं? खरा रिसर्च गॅप बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मग माण-जतचे कुत्रे काळ्या जिभेने का मेले नाहीत?

हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सगळा ज्वारी-बाजरीचा टापू, आणि इथले कुत्रे पिढ्यानपिढ्या भाकरीवर वाढलेले. एक उत्तर "दूध" या शब्दात आहे. दुधात नायसिन अगदी थोडं असतं, पण ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल चांगलं असतं, आणि कुत्र्याचं शरीर त्यापासून नायसिन बनवू शकतं. शिवाय गावातला कुत्रा नुसत्या भाकरीवर कधीच नसतो. उंदीर, मेलेलं कोकरू, खाटकाकडची हाडं, त्याचा स्वतःचा उद्योग चालूच असतो.

आता कॅल्शियमचा हिशोब करू, कागद-पेन घ्या. अमेरिकेतली आफ्को ही पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १:१ ते २:१ असावं म्हणते.

बोनलेस चिकन, १०० ग्रॅम: ढोबळ मानाने कॅल्शियम १० मिलिग्रॅम, फॉस्फरस २००. प्रमाण १:२०. शरीराला रक्तातलं कॅल्शियम टिकवावंच लागतं, म्हणून ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. आमच्या पिल्लाचा एक्स-रे म्हणजे हेच गणित.

ज्वारीचं पीठ, १०० ग्रॅम: कॅल्शियम २५, फॉस्फरस २२२. नुसती भाकरीही वाईटच, साधारण १:९.

म्हशीचं दूध, २५० ग्रॅम: १०० ग्रॅमला २१० आणि १३०, म्हणून कॅल्शियम ५२५, फॉस्फरस ३२५.

भाकरी आणि दूध एकत्र करा: कॅल्शियम ५५०, फॉस्फरस ५४७. प्रमाण १:१.

मी हा हिशोब तीनदा केला. दोन गोष्टी, त्यातली एक तोलात अगदीच लंगडी, एकत्र आल्यावर सीमारेषेवर बरोबर उभ्या राहतात. गाईचं दूध घेतलं तर हेच प्रमाण सुमारे ०.७ वर घसरतं. दूध-भाकरीत १०० ग्रॅम बोनलेस चिकन टाकलं तर ०.७५. म्हणजे "चांगली" वस्तू घालून मी तोल बिघडवू शकते.

पण आई जिंकली असं लगेच जाहीर करू नका. या हिशोबात फायटिक आम्ल धरलेलं नाही. वाढत्या पिल्लाला ड जीवनसत्त्व, जस्त, पुरेशी प्रथिनं लागतात. कुत्र्याची कातडी उन्हातून माणसासारखं पुरेसं ड जीवनसत्त्व बनवत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. दूध-भाकरी हा पूर्ण आहार नाही. तो एक बरा पाया आहे, ज्यावर हाड, यकृत, अंडं अशा गोष्टी येत राहिल्या तर काम भागतं.

कच्चंच द्यायचं असेल तर

इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने १९९३ मध्ये पुस्तक लिहून कच्च्या मांसल हाडांचा आहार लोकप्रिय केला. त्यानंतर ८०:१०:१० हे सूत्र पसरलं: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव, त्यातलं निम्मं यकृत. मी पाहिलेला रंगीत तक्ता हाच होता. मी त्यातलं "मांस" वाचलं, "१० टक्के हाड" माझ्या सोयीने गाळलं.

सूत्र पाळलं तरी आयोडीन, जस्त, मँगेनीज, ड आणि ई जीवनसत्त्वं कमी पडू शकतात. यकृत जास्त झालं तर अ जीवनसत्त्वाचं विष होतं. शिजवलेली हाडं फुटून टोचतात, ती अजिबात नकोत. आणि "कॅल्शियम कमी, मग भरपूर पावडर घालू" हेही नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांना जादा कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांची हाडं बिघडली. पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही.

आमच्या मेंढरांच्या मुलखासाठी एक गोष्ट अधोरेखित करून सांगते. मेंढी-बकरीचं यकृत किंवा फुप्फुस कुत्र्याला कच्चं घालू नका. त्यात पाण्याच्या गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, आणि तिथून माणसाच्या यकृतात, फुप्फुसात हायडॅटिडच्या गाठी होतात. चांगलं उकळून घाला. वाडग्याचा तोल फक्त कुत्र्यापुरता नसतो, घरातल्या रांगत्या पोरापर्यंत जातो.

तुमच्या प्रपोजलसाठी

माजांदी ते हैदराबाद हा प्रवास बघितला तर प्रश्न कसा बदलत गेला ते दिसतं. आधी विचारलं गेलं, "हा पदार्थ चांगला का?" मग, "यात काय कमी आहे?" मग, "काय जास्त आहे?" आणि शेवटी, "कशाच्या सोबत किती?" माझ्या एमएस्सीच्या पदवीने मला चौथा प्रश्न विचारायला हवा होता. मी पहिल्यावरच थांबले.

तुमच्या विषयात कुत्रा नसेल, पण वाडगा असेलच. एखादं खत, एखादं औषध, एखादी शिकवण्याची पद्धत "परिणामकारक" आहे असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहाल तेव्हा शेजारी तीन गोष्टी लिहून ठेवा: कशाच्या सोबत, किती प्रमाणात, किती दिवस. आणि घरातल्या कुणी जुनी सवय सांगितली तर तिला पुरावाही मानू नका, गप्पही करू नका. तिचा हिशोब मांडा.

पिल्लू आता मोठं झालंय. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आहारावर हाडं भरली, पळतं, मेंढरांमागे जातं. डावा पाय मात्र थोडा बाहेर वळलेलाच राहिला. मी गावी गेले की ते पळत येतं, आणि माझं लक्ष आधी त्या पायाकडे जातं.